धाकटीची मापवही

माझी धाकटी जाऊ टेलर आहे. नवे कपडे ती क्वचितच शिवते. सैल झालेलं आवळायचं, घट्ट झालेलं सोडायचं, चेन बदलायची, हे तिचं काम. दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि दुकानामागे तिचं स्वयंपाकघर. माझे दीर जहाजाच्या इंजिनरूममध्ये असतात, आठ-आठ महिने घरी नसतात. त्यामुळे दुकान, घर आणि स्वतःची तब्येत ती एकटीच्या हिमतीवर सांभाळत आली.

मधुमेह निघाला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. डॉक्टरांनी काय खावं, काय खाऊ नये याचा छापील कागद दिला. तो तिने माझ्यासमोर दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, हा कागद रेडिमेड आहे. माझ्या मापाचा नाही."

गिऱ्हाइकांची मापं लिहायची तिची जाड वही होती. त्यात शेवटून एक पान उघडून तिने वर स्वतःचं नाव घातलं. खाली काय खाल्लं, किती वाट्या, दोन तासांनी साखर किती. चार महिन्यांत तिला कळलं की अर्धी वाटी भात चालतो, पाऊण चालत नाही, आणि भाताआधी वाडगाभर भाजी खाल्ली तर पाऊणही चालतो. बावीस वर्षं झाली, ती वही आता सातवी आहे. पायाला जखम नाही, डोळे शाबूत आहेत, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. चष्म्याशिवाय हे तिचं म्हणणं. मी तिला भिंग वापरताना पाहिलं आहे, पण ते इथेच राहू दे.

माझे यजमान गेल्यावर मी दुपारी चहात बिस्किटं बुडवून खात असे. एकटीसाठी कोण शिजवणार. रक्तदाब वाढला, एकदा जिन्यात चक्कर आली. दुसऱ्या दिवशी धाकटी वर आली, बिस्किटांचा डबा उचलून काखेत मारला आणि म्हणाली, "साडेबाराला खाली यायचं. येताना भूक आणा, बाकी काही नको."

असे आम्ही दोघींचे चौघे झालो. समोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांना साखरेचाच त्रास. कोणतंही काम सांगा, ते "एक मिनिट" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मिनिट म्हणतात. चौथे ड्रायव्हरसाहेब. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बायको नाही, मुलगी दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात बँकेत. त्यांची मूत्रपिंडं कमजोर झाली होती.

कापड बेतायचं मोठं टेबल पुसून, खडूची पूड झाडून त्यावर आम्ही जेवायचो. भाज्या मी चिरायची, निवडायचं काम मिनिटांचं, भांडी ड्रायव्हरसाहेब घासायचे, शिजवायची धाकटी. ड्रायव्हरसाहेबांच्या वाटणीची भाजी ती बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची आणि पाणी ओतून द्यायची, कारण त्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नव्हतं. पातेल्यात मीठ नाहीच. प्रत्येकाने वहीतल्या आपल्या पानावर लिहिलं असेल तेवढं मीठ टेबलावरच्या बरणीतून वरून घ्यायचं.

"या घरात मीठसुद्धा तिकीट काढून घ्यावं लागतं," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे.

"तुम्ही आयुष्यभर बस थांबवून फुकट्यांना खाली उतरवलंत," मिनिट म्हणायचे. "आता भोगा."

अकरा महिने ड्रायव्हरसाहेबांचे रिपोर्ट जागचे हलले नाहीत. आणि मग मी एक शहाणपणा केला.

किराणा दुकानात मला रक्तदाबवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ दिसलं. पाकिटावर हृदयाचं चित्र. वाटलं, आपण रोज भाजी तेवढी चिरून आयतं जेवून जातो, सामानातही आपला काही हातभार लागावा. मी बरणी रिकामी करून ते मीठ भरलं आणि कोणाला बोलले नाही. मीठच तर आहे, त्यात सांगण्यासारखं काय.

ते मीठ जरा कमी खारट होतं. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "हे मीठ रिटायर झालेलं दिसतंय," आणि पाव चमच्याऐवजी अर्धा घेऊ लागले. धाकटी त्यांना रात्रीसाठी डबा द्यायची, त्याबरोबरही थोडं न्यायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय जड झाले. तपासणीत पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊच दिलं नाही, तिथेच दाखल केलं.

मुलगी धावत आली. दवाखान्यातून थेट दुकानात. ओरडली नाही, तेच जास्त लागलं.

"मावशी, तुमचा हेतू चांगला होता," ती धाकटीला म्हणाली. "पण यापुढे बाबांना काही देऊ नका. मी त्यांना माझ्याकडे नेते."

"तुम्ही दिवसभर बँकेत. ते जेवणार काय?"

"डबा लावीन. निदान कोण काय घालतंय ते तरी कळेल."

ती गेल्यावर धाकटी मशीनवर बसली, पण पाय हलेना. मग तिने वही काढली आणि गेल्या महिन्याचा एकेक दिवस वाचायला घेतला. टोमॅटो, बटाटा, डाळ, सगळ्यांची झडती घेतली. सगळं मापात होतं.

"ताई, तुमची डायरी आणता का? माझं लिहायचं राहून गेलं असेल असं काहीतरी त्यात असेल."

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, मी रोज अर्धं पान लिहिते. डायरी आणायला वर गेले आणि जिन्यातच मला आठवलं. तारीख काढली. माझ्याच अक्षरात होतं : बरणीत नवीन मीठ भरलं, सर्वांच्या प्रकृतीला चांगलं. मी कपाट उघडून पाकीट पालथं केलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात पोटॅशियम आहे, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी घेऊ नये.

मी पलंगावर बसले. डायरी माझी होती, मी दाखवली नाही तर कोणाला काही कळणार नव्हतं. सत्तर ओलांडलेल्या बाईने चांगल्या मनाने केलेली गोष्ट. पण खाली धाकटी टोमॅटोवर आळ घेऊन बसली होती. मी पाकीट आणि डायरी दोन्ही तिच्यापुढे ठेवली.

तिने वाचलं. वही मिटली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "नाहीतर माझा शिजवण्यावरचा विश्वासच उडाला असता. उठा, साडी बदला. डॉक्टर पाचपर्यंत असतात."

डॉक्टरांच्या खोलीत मुलगी होतीच. धाकटीने वही टेबलावर उघडून ठेवली. "मीठ चुकलं," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरातली बरणी, माझी चूक. बरणीत काय आहे ते मी चाखून बघायला हवं होतं."

एवढंच. माझं नाव तिने घेतलं नाही. मान खाली घालून गप्प बसणं मला सहज जमलं असतं, तिने तशी सोयच करून ठेवली होती.

"बरणीत मीठ मी भरलं," मी म्हणाले. "हिला माहीतही नव्हतं."

मुलीने खुर्ची माझ्याकडे वळवली. डॉक्टर मात्र वहीत गुंतले होते. त्यांनी ड्रायव्हरसाहेबांचे रिपोर्ट मागवून एकेक तारीख वहीशी लावली.

"हे तुम्ही रोज लिहिता?"

"रोज. माप न लिहिता कापड कापलं तर वाया जातं."

"यांच्याकडे जेवायला लागल्यापासून तुमच्या वडिलांचे आकडे स्थिर आहेत," डॉक्टर मुलीला दाखवत म्हणाले. "त्याआधी दर महिन्याला खालीवर. चूक मिठाची आहे, ती कळली. या जेवणाची नाही."

मुलगी लगेच वितळली असं नाही. ती वडिलांना घेऊन गेलीच. तीन आठवडे आमच्या टेबलाची एक बाजू रिकामी राहिली आणि भांडी मिनिट घासत होते, म्हणजे घासून झाल्यावर आम्ही पुन्हा घासत होतो. धाकटीने नियम केला की उंबरठ्याच्या आत येणारी प्रत्येक वस्तू आधी मागची अक्षरं मोठ्याने वाचून आत येईल. वाचायचं काम मला दिलं. शिक्षा म्हणून नव्हे. "तुमच्याइतकं किचकट वाचणारं इथे कोण आहे," म्हणाली.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. धाकटीने तो मला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"मावशी, बाबा डब्यातलं अर्धं टाकून देतात. म्हणतात, चार जणांत बसून अळणी खाईन, एकटा बसून चविष्ट खाणार नाही. सोमवारी आणून सोडू का?"

"सोडा. आणि सोमवारी तुम्हीही जेवून जा. तुमचं पान काढून ठेवते."

"मला काही आजार नाही हो."

"नसू दे. आजार नसलेल्यांनाही भूक लागते."

सोमवारी दोघं आले. ड्रायव्हरसाहेबांनी बसण्याआधी बरणीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मोठ्या बाई, आज कोणती गाडी लागलीय?"

"जुनीच," मी म्हणाले. "पाव चमचा. त्यापुढे तिकीट नाही."

मुलीने वही मागून घेतली आणि जेवता जेवता वाचत राहिली. भाजी गार झाली तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी धाकटीनेच तिच्या हातातून वही काढून घेतली.

गेल्या गुरुवारी आम्ही पानावर बसलो असताना एक अनोळखी बाई दारात उभी राहिली. हातात पिशवी, तोंडावर संकोच. म्हणाली, "मला डॉक्टरांनी पाठवलंय. टेलरबाई कोणत्या?"

धाकटीने तोंडातला घास संपवला.

"मी. शिवायचंय की जेवायचंय?"

त्या बाईने पिशवीतून कपडे नाही, रिपोर्टांची फाइल काढली. मी सरकून तिला जागा करून दिली. "बसा," मी म्हणाले. "ही माझी जाऊ."