आमचे एम.डी. डॉक्टर

"आई, तुझे डॉक्टर गेले गं..." सुलूचा फोन आला त्याला तीन आठवडे झाले. खरं तर कर्णिकसाहेब डॉक्टर नव्हतेच. त्यांना डॉक्टर केलं मी, भर दुपारी त्यांच्या दारात बोंब मारून.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मालवणहून मुलुंडला, कंपनीच्या वसाहतीत आलेली मी सातवी पास, पण तोरा प्राध्यापकिणीचा. एम.बी.बी.एस.हून मोठा डॉक्टर तो एम.डी., हे मला पक्कं ठाऊक. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या पाटीवर कर्णिकांच्या नावापुढे 'एम.डी.'! शेजारणी म्हणत, "सगळ्यांचा जीव एम.डी.च्या हातात." म्हटलं, असणारच.

त्या दुपारी वर्षभराच्या सुलूला तापात आकडी आली. डोळे वर, ओठ निळे... आमचे हे कामावर, दवाखाना बंद. मी तिला उचलून अनवाणी धावले. साहेब जेवत होते. "डॉक्टर, बघा ना हो हिला!" त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, पोरीकडे पाहिलं आणि ताटावरून तसेच उठले. रुमाल माठातल्या पाण्यात बुडवून तिच्या कपाळावर ठेवला. हात थरथरत होता त्यांचा. म्हटलं, एवढा मोठा डॉक्टर घाबरला, म्हणजे माझी पोर गेली! गाडी त्यांनीच काढली. हॉस्पिटल येईपर्यंत दर वळणावर विचारत, "श्वास चालू आहे ना, बाई?" मनात म्हटलं, मेल्या, ते तू सांगायचंस ना!

सुलू वाचली. घरी आल्यावर यांनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, एम.डी. म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर! कंपनीचा सगळ्यांत मोठा साहेब! वाट लागली माझ्या नोकरीची."

"मग पाटीवर तसं लिहायचं ना!" तोंड चाललं, पण पुढे आठवडाभर पोस्टमन दिसला, की नोकरी गेल्याचं पत्र समजून मी दार लावून घेई.

रविवारी साहेबच दारात. "डॉक्टर आलेत. पेशंट कुठाय?"

मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या घाबरला होतात... कोणीतरी डॉक्टर असायला हवं होतं."

गेल्या महिन्यात आजारी साहेबांना बघायला गेले, तेव्हा त्या दुपारपासून माझ्याकडेच राहिलेला तो रुमाल परत द्यायला नेला होता. त्यांचं कपाळ भाजत होतं. रुमाल भिजवून ठेवला, तर हसून म्हणाले, "बरा होईन ना, डॉक्टर?"

"होणार तर!" म्हटलं, आणि थरथरता हात पटकन पदराखाली घेतला. त्यांनी पाहिलाच असणार.

रुमाल घरी आणून धुतला, तो अजून दोरीवरच आहे. काढायला हात पुढे केला, की कानात तेच... श्वास चालू आहे ना, बाई?