मोठ्या जहाजाचा नवरा

लढाई संपल्यावर मी सुट्टीवर कोन गावी आलो तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मुलीचा भाऊ नौदलात माझ्याच जहाजावर होता. सासऱ्यांनी जहाज केवढं ते विचारलं, आणि मी सांगून टाकलं की मध्येच माझी बदली विमानवाहू जहाजावर झाली. मेहुणा शेजारीच होता. बहिणीचं जमत होतं, म्हणून त्याने मान खाली घालून चहा संपवला.

खरं सांगायचं तर आम्ही दोघंही शेवटपर्यंत राखणीच्या एका छोट्या जहाजावर होतो. तेलाचे टँकर आणि मालाची जहाजं रांगेने जात. आम्ही त्यांच्याभोवती घिरट्या घालायचो. मेहुणा कानाला यंत्र लावून पाणबुडीची चाहूल घेई. एकदा त्याने इशारा दिला, आम्ही पाण्यात बॉम्ब सोडले, आणि वर आले ते फक्त मेलेले मासे.

माझ्या हळदीला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारीला नवरीच्या भावावर टोमणा हवा होता. माशांची गोष्ट मीच पुरवली. मी ‘मोठ्या जहाजाचा नवरा’ झालो, आणि तो सरकारी खर्चाने मासे मारून आलेला भाऊ. पुढे घरात कुणाचीही हळद असो, ते कडवं व्हायचंच. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या नातीची हळद होती. डीजे जरा थांबला तेव्हा त्या गाणारीच्या सुनेने तेच कडवं धरलं. अंबाडीहून आलेले पाहुणे हसले. नात हसली नाही. आजोबांकडे बघत राहिली. मी काठी टेकत उठलो आणि माइक मागितला.

बदली झालीच नव्हती, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की टँकर पोचले नसते तर ते मोठं जहाज तेलावाचून बंदरातच बसलं असतं. राखणीची जहाजं लहान, म्हणून पुष्कळ बांधता येतात. प्रत्येक रांगेला एखादं तरी मिळतं. ते दिसलं की पाणबुडीला जवळ यायला भीती वाटते. आमच्या रांगेतलं एकही जहाज बुडालं नाही, म्हणून आमच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही. इतकं सलग मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो. ती बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे असं बघत होती की घरी गेल्यावर माझं काय होणार ते मला कळलं.

मेहुण्याने मला खुर्ची ओढून दिली.

“दाजी, मासे मेले ते खरं हाय,” तो म्हणाला. “पण त्याच्या आधी मला पाण्याखाली पाणबुडीच्या पंख्याचा आवाज आला होता. तो कसा होता, हे मला आजपर्यंत कोणी विचारलं न्हाय. तुम्हीसुद्धा.”

मी विचारलं, कसा होता?

त्याने डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला, आधी हळू, मग भरभर. नात हळदीच्या अंगाने येऊन त्याच्या पायाशी बसली.