सगळं कळलं

यशोधराबाईंच्या नाकावर राग कायमचा बसलेला, आणि बदलापूरच्या त्या शाळेत तो यायला कारणंही रोज मिळत. त्यांचे वडील शंकरराव अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. भाग तयार झाल्यावर मापून काय उपयोग, मशीन चालू असतानाच मापायचा, हे ते जेवताना ऐकवायचे. बाईंनी पाचवीच्या वर्गात तेच धरलं. रोज शेवटची पाच मिनिटं प्रत्येक पोराने चिठ्ठी लिहायची: आज काय कळलं नाही? मार्क नाहीत, ओरडा नाही. दुसऱ्या दिवशी बाई तिथूनच सुरुवात करायच्या.

चामटोलीची गोदू वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. चिठ्ठीत मात्र बोलायची. जूनमध्ये तिने लिहिलं, 'अपूर्णांक कायच नाय कळला.' ऑगस्टमध्ये लिहिलं, 'छेद कळला. छेद वेगळे असले की बेरीज नाय येत.' घोडं कुठे पेंड खातंय ते पोरीने स्वतःच दाखवलं. आता आठवडाभराचं काम उरलं होतं, आणि बाई चक्क खुशीत होत्या.

मुख्याध्यापक अवधूत सर म्हणजे कागदी घोडे नाचवण्यात पटाईत. त्यांच्या शाळेत वर्षाच्या नोंदी एका बैठकीत उरकायच्या. बाजारातलं तयार नोंदींचं पुस्तक उघडायचं आणि पन्नास पोरांपुढे एकच वाक्य उतरवायचं: 'प्रगती समाधानकारक.' तपासणीची तारीख आली तसं त्यांनी बाईंना चिठ्ठ्या घेऊन बोलावलं.

"मॅडम, हे काय? जिथे बघावं तिथे नाही कळलं! साहेब विचारतील, तुम्ही शिकवता काय?"

"जे कळलं नाही तेच शिकवते, सर."

"अ‍ॅटिट्यूड नको. उद्या सगळ्यांकडून 'सगळं कळलं' लिहून घ्या. नाहीतर चिठ्ठ्या कायमच्या बंद."

हे कानावर गेल्यावर स्टाफरूममध्ये दोघी शिक्षिका तोंड दाबून हसल्या. बाईंना सरांचं टेबल उलथावंसं वाटलं. पण एक दिवस खोटं, मग वर्षभर खरं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तपासणीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर ते दोन शब्द लिहिले. पोरांनी उतरवले. साहेब चहा पिऊन खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वेगळ्या छेदांची बेरीज घातली. गोदूने वरचे आकडे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवून ठेवले. एकही गणित बरोबर नव्हतं. चिठ्ठीवर मात्र सुवाच्य अक्षर: 'सगळं कळलं.'

"गोदे, खरं लिही ना."

"तुमीच बोलल्या ना बाई, असंच लिवायचं. सायेब परत आलं तर?"

बाकीच्या चिठ्ठ्या बाईंनी भराभर उलटल्या. सगळ्यांवर तेच. त्यांना सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. तीन महिन्यांत पोरांची भीती घालवली होती, ती त्यांच्याच खडूने परत आणली होती.

तशाच त्या ऑफिसात गेल्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरांपुढे आपटला.

"बघा, काय केलंत ते!"

सरांनी चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या. चेहरा खुलला.

"व्हेरी गुड, मॅडम. मनावर घेतलं की होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी गठ्ठा फाईलला लावला.