सामुराईच्या बायकोचं उत्तर

जपानी चित्रकथेचं ते पुस्तक आम्हाला समोरच्या खोलीतल्या जपानी शेजाऱ्यानं दिलं. तो माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करायचा. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आम्ही एकाच घरमालकिणीकडे, एकाच जिन्यावर राहत होतो. त्याच्या घरून पार्सल आलं की त्यात चहा, समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ आणि एखादं असं पुस्तक असायचं. याला 'मांगा' म्हणतात, असं त्यानं सांगितलं. साठच्या दशकाची ती सुरुवात होती आणि तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी बायको दिवसभर खोलीत एकटी असते, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "चित्रांना भाषा लागत नाही," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. माझंही जर्मन तसंच, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. जुन्या काळातला एक तरुण सामुराई आणि त्याची नवी बायको, अशी गोष्ट आहे, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

माझी बायको उन्हाळ्याच्या शेवटी आली होती. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत मी इकडे निघालो, त्यामुळे खरं म्हणजे आमची ओळख अजून व्हायचीच होती. आमचं घर इचलकरंजीचं, विणकरांचं. कॉलेजात गेलेला मीच पहिला. आमच्याकडे थोरांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. मला पाणी हवं असलं की मी पुतणीला म्हणायचो, "पाणी मिळेल का गं?" आणि आतून तांब्या यायचा. तिला मला काही सांगायचं असलं की ती ते जावेला सांगायची, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यातलाच प्रकार. कार्ल्सरूहेत पुतणी नव्हती आणि जाऊही नव्हती. आम्ही दोघंच होतो, आणि सरळ बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

थंडी सुरू झाली तसा एक प्रश्न उभा राहिला. बाड हॉम्बुर्गला आमच्या ओळखीचे एक काका-काकू होते. ते बोटीनं कायमचे परत निघाले होते. काकूंनी निरोप धाडला, पोरीला थंडी सोसत नसेल तर आमच्या सोबतीनं पाठवा, एवढा लांबचा प्रवास एकटीनं नको. थंडी सोसत नव्हती हे खरंच होतं. तिचे ओठ फुटले होते, बोटं सुजायची. पण ती आता गेली असती तर माझी डॉक्टरेट होईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, आमची भेट होणार नव्हती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, तू म्हणशील तसं करू."

"मी काय म्हणणार? तुम्ही शिकलेले."

असं आमचं आठवडाभर चाललं होतं. रविवारी जाऊन काकूंना काय ते सांगायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती शेगडीजवळ ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मीही शेजारी बसलो.

"हिचे दात बघा," ती म्हणाली. "मिशरी लावते वाटतं."

"जपानात कुठली मिशरी?"

"मग इतके काळे कशानं झाले?"

पहिल्याच पानावर एक माणूस लांब रस्त्यावर होता, आपल्याकडे पाठ करून. पुढच्या चित्रांत तो मोठा होत होत एका फाटकापाशी पोचला. फाटकात बायको उभी. तिनं किमोनोच्या बाह्या हातांवर ओढून त्यांत त्याची तलवार धरली होती.

"पदरात घेतली की हो तलवार!" ती म्हणाली. "नवरा घरी आला म्हणून. पण हा उलटा का चालत आला?"

"तिकडची रीत असेल," मी म्हणालो. "आपण नाही का देवळातून निघताना देवाला पाठ दाखवत नाही, तसं काहीतरी."

तिला ते पटलं नाही. मग घर आलं, जेवण आलं, बागेतलं झाड आलं आणि सगळ्यात शेवटी लग्न आलं. "आधी संसार आणि मग लग्न!" असं म्हणून ती खूप हसली. इथं आल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी चहा द्यायला आला, तेव्हा तिनं मला ते उलटं चालणं विचारायला लावलं. मी विचारलं. तो गोंधळला, मग त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि एकदम म्हणाला, "नाइन, नाइन!" म्हणजे नाही, नाही. त्यानं ते पालथं करून आमच्यासमोर ठेवलं. त्यांची पुस्तकं उजवीकडून सुरू होतात. आम्ही गोष्ट शेवटाकडून वाचली होती. दात काळे होते कारण लग्न झालेल्या बायका त्या काळी ते रंगवत. आणि सामुराई घरी येत नव्हता, घरातून जात होता. सरदाराचा हुकूम आला होता, दूरच्या शहरात चाकरीला जायचं होतं, बायकोनं मागं राहायचं होतं.

"आणि इथं गोष्ट संपते?" मी विचारलं.

"हो, हो. इथं संपते."

"फाटकातल्या चित्रात ती काय म्हणते?"

त्यानं नीट पाहिलं. "काहीच नाही. शब्द लिहिलेलेच नाहीत."

तो गेल्यावर मी तिला हे सगळं मराठीत सांगितलं. तिनं ऐकलं. मग फाटकातल्या त्या चित्रावर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता, ती पुस्तकाला म्हणाली, "अहो सामुराई, निघालात खरे. पण बायकोशी एकदा बोलायचं तरी."

मी घसा खाकरला. "विचारलं होतं की," सामुराई म्हणाला. म्हणजे मीच म्हणालो.

"असं विचारतात होय? तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. कोर्टात उभं केल्यासारखं. स्वतःला काय वाटतं ते पोटात ठेवायचं आणि दुसऱ्याचं काढून घ्यायचं."

"सामुराईला भीती वाटते," मी म्हणालो. "तो राहा म्हणाला तर ती राहील. मनात नसलं तरी राहील."

"एवढी तलवार कमरेला आणि भीती?"

"दोन तलवारी आहेत. तरी वाटते."

ती हसली. चित्रावरचं बोट तिनं उचललं नाही, पण आवाज बदलला. "त्याला सांगा, थंडीचं तिचं ती बघून घेईल. ती घरात हवी की नको, एवढंच तिला कळायचंय."

"हवी," मी म्हणालो. तेव्हा मी पुस्तकाकडे बघत नव्हतो.

रविवारी आम्ही बाड हॉम्बुर्गला गेलो. घरभर पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या. चहा झाल्यावर काकूंनी मला विचारलं, "मग, काय ठरवलंत?" थोरांसमोर हे कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तोच ती म्हणाली, "काकू, मी इथंच राहते."

काकूंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आणि हे काय म्हणतात?"

"त्यांना हवीय मी इथं."

काका पेपरामागं खोकल्यासारखे हसले. मला कुठं बघावं ते कळेना. "अगं बाई," काकू म्हणाल्या, "काय धीट झालीस गं पोरी!"

"आणि काकू," ती म्हणाली, "तुम्हाला आता तिकडे तो दारामागचा जाड कोट लागणार नाही, नाही का?"

कोट काकूंच्या मापाचा होता, म्हणजे तिच्यासारख्या दोघी त्यात मावल्या असत्या. गळ्यापर्यंत बटणं लावून ती स्टेशनवर उभी राहिली. आजूबाजूला माणसं होती. "कशी दिसते?" तिनं मला सरळ विचारलं.

"कोट मोठा आहे," मी म्हणालो. गाडी येताना दिसली, तेव्हा म्हणालो, "पण छान दिसतेस."