सर्व्हर पाडणाऱ्याचे पोहे

आमच्या ऑफिसात एक नियम आहे. ज्याच्या हातून सर्व्हर पडेल त्याचं नाव पांढऱ्या बोर्डावर पक्क्या मार्करने लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी पोहे-जलेबी आणायची. वर उभं राहून सांगायचं की मी काय चुकलो. मस्तीत सुरू झालेला नियम. मलाही मस्तच वाटायचा, माझं नाव लागेपर्यंत.

आम्ही भंवरकुआं भागात बसतो. खाली कोचिंग, वर कोचिंग, मध्ये आम्ही, कोचिंगच्या मुलांसाठी अ‍ॅप बनवणारे. मुलं त्यातल्या चॅटवर डाउट विचारतात. चॅटचा सर्व्हर ओपन सोर्स आहे, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून मोकळा ठेवलेला, कोणीही उचला आणि आपल्या मशीनवर चालवा. एकदम भारी चीज! पण पाचशे मुलांना पुरणारं सेटिंग पन्नास हजारांना पुरत नाही, ही गोष्ट आमच्या सिनियरला पटायचीच नाही. त्याला सगळे भिया म्हणतात. मीही.

लफडा होता हिरव्या ठिपक्याचा. नावासमोर दिसतो ना, हा ऑनलाइन आहे म्हणून, तो. एक मुलगा आला की त्याच्या बॅचमधल्या प्रत्येकाला खबर जाते. लग्नात प्रत्येक नव्या पाहुण्याने हॉलमधल्या प्रत्येकाला जाऊन नमस्कार करावा, तसं. आणि रविवारी अकराला टेस्ट सुटली की सगळे पाहुणे एकदम दारात.

तर एका रविवारी सर्व्हर हळू चालायला लागला. मी भियाला सांगितलं की काही पण करा, रीस्टार्ट मारू नका, कारण मग जे आत आहेत ते पण बाहेर फेकले जातील आणि सगळे फोन एकदम दार ठोकतील. तेवढ्यात पालकांचे फोन सुरू झाले, मला बाजूच्या खोलीत बोलावलं. माझं मशीन उघडंच राहिलं. भिया माझ्या खुर्चीत बसला आणि त्याला जो एकच इलाज येतो तो त्याने केला: बंद करून चालू. चार वेळा. चारही वेळा सर्व्हर आडवा.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नाव माझं, लॉगिन माझं होतं ना. मी सांगत राहिले की मी तर खोलीत पण नव्हते. भियाने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "हो जाता है बेटा, सीख जाएगी."

सोमवारी मी पोहे आणले. उभी राहिले, न केलेली चूक सांगितली. भियाने दोन प्लेटी खाल्ल्या. तिसरी घेताना म्हणाला, "जीरावन नहीं लाई क्या?"

बस. पोह्यांवर भुरभुरायचा तो मसाला, ते जीरावन, माझ्या डोक्यात बसलं.

मग मी एक प्रोग्राम लिहिला. सरावाच्या मशीनवर हजारो खोटी मुलं एकदम लॉगिन करतात, असा. सगळ्या खोट्या मुलांना भियाचंच नाव दिलं. भिया एक, भिया दोन, भिया नऊ हजार. रोज दुपारी जेवण झालं की मी भियांची फौज सोडायची आणि सर्व्हर कुठे मोडतो ते बघायची. जाम मजा यायची यार. त्यातून कळलं की एका सेकंदात किती जणांना आत घेतलं तर तो टिकतो. मी भियाला मेल लिहिला: ठिपका बंद करू, काम तीन मशीनवर वाटू, आणि दारावर लगाम लावू. एका ओळीत उत्तर आलं, अभी ज़रूरत नहीं. मी तो मेल जपून ठेवला. आणि पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन लॉक करायला लागले.

मोठी टेस्ट आली. त्या रविवारी मी नवा कुर्ता घालून गेले, खरंच. अकरा वाजून पाच मिनिटांनी सर्व्हर आडवा. भियाने माझ्या स्क्रीनकडे बघितलं. लॉक. मग आपल्याच मशीनवर रीस्टार्ट. पुन्हा. तिसऱ्यांदा. लॉगमध्ये एकाखाली एक त्याचं नाव उमटताना मी बघत होते, हात मांडीवर ठेवून. खाली हॉस्टेलांमध्ये मुलं फोन धरून बसली असतील, हे मला माहीत होतं. तरी मी हलले नाही. हे लिहिताना थोडं लागतं, पण थोडंच.

मालक केबिनमधून बाहेर आले. भिया माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, कुछ कर ना.

मी मोठ्याने विचारलं, "पिछली बार मेरी कुर्सी पर कौन बैठा था, भिया?"

तो मालकांकडे बघायला लागला. मी कीबोर्डला हात लावला नाही.

"मैं," तो म्हणाला. "रीस्टार्ट मैंने मारा था."

मग मी ठिपका बंद केला, दार थोडंसं उघडलं, थोडी थोडी मुलं आत घेतली. बारा मिनिटांत सगळे आत.

सोमवारी भियाने पोहे आणले. उभा राहून दोन्ही चुका सांगितल्या, खाली बघत. मी प्लेट घेतली आणि म्हटलं, "जीरावन नहीं लाए क्या?"

लिफ्ट बंद होती. चार मजले उतरून गेला आणि पुडी घेऊन धापा टाकत परत आला. तेव्हा मी त्याच्या हातात साधा मार्कर दिला. पक्क्या मार्करचं लिहिलेलं साध्या मार्करने वरून घोटलं की पुसलं जातं, हे मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. पण ते मी पुसायचं नव्हतं.

तो माझं नाव एकेक अक्षर घोटून पुसत होता. मी पोह्यांवर जीरावन घातलं, जास्तच घातलं, आणि सावकाश खाल्ले.