केलं माफ, हात वर कर

माझ्या सख्ख्या बहिणीने मला फसवलं होतं, हे मला तिच्याच तोंडून कळलं. पण ती माझ्याशी बोलत नव्हती, माइकवर बोलत होती. मंडप माणसांनी भरलेला होता आणि त्या माणसांत मीही एक होते, तिसऱ्या रांगेत, हातात चहाचा कागदी कप धरून बसलेली.

आमच्या मंडळीत दर वर्षी थंडी ओसरता ओसरता उज्जीवन सभा होतात. चर्चच्या आवारात मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेरगावचा वक्ता. वर्षभरात थंड पडलेला विश्वास पुन्हा पेटावा, हा त्यामागचा हेतू. शेवटच्या संध्याकाळी साक्षी होतात. ज्याला आपल्या पापाचा पश्चात्ताप झाला असेल त्याने पुढे यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. खरं सांगते, मला साक्षींची संध्याकाळ फार आवडायची. कोणी दारू सोडल्याचं सांगे, कोणी भावाशी अबोला सोडल्याचं. मी शेजारणीला कोपर मारून म्हणायची, "हे यानं मागल्या वर्षीही सोडलं होतं." शाळेत शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे तेच तेच उत्तर पुन्हा कोण देतंय ते लगेच लक्षात येतं.

त्या संध्याकाळी ताई उठली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पिंपळगाव बसवंतला दिलेली. सभांसाठी ती नाशिकला मुलाकडे येऊन राहिली होती. ती पुढे जाताना मला वाटलं, सुनेशी भांडते ते सांगणार असेल. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, सुटली बिचारी सून.

"माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी मोडलं," ताई म्हणाली. "मनमाडचं चांगलं स्थळ होतं. तिला फिट येतात असं खोटंच मी मुलाकडच्यांना सांगितलं. मत्सरानं माझं मन काळं झालं होतं. आज प्रभूनं मला क्षमा केली आहे. मी मोकळी झाले."

मंडपात हालेलुया झालं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या दोघी रडायला लागल्या. ताईही रडत होती आणि वक्त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मग माझ्या शेजारणीने माझ्याकडे वळून पाहिलं, तिच्या मागच्या बाईने पाहिलं, आणि हळूहळू सगळी रांगच माझ्याकडे पाहायला लागली. मी चहा संपवला. दुसरं काय करणार होते?

ते मनमाडचं स्थळ ताईच्या सासूबाईंनी सुचवलेलं. मुलगा त्यांच्या नात्यातला, रेल्वेत नोकरीला. दोनदा आमच्या घरी आला. दुसऱ्या वेळी आम्हाला दोघांना चर्चच्या आवारात फिरायला पाठवलं. तो म्हणाला, क्वार्टर मिळणार आहे, मागे अंगणात पेरूचं झाड आहे. त्याने एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घातला होता. मी त्याला म्हटलं, "सिग्नल तरी बरोबर ओळखता ना?" तो हसला. अगदी मनापासून हसला, असं मला तेव्हा वाटलं. माझे त्या न पाहिलेल्या क्वार्टरला पडदेसुद्धा लावून झाले होते, मनात. महिन्याभराने निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. पावसाळ्याच्या आत त्याचं लग्न झालंसुद्धा, दुसरीकडे.

मला वाटलं, माझी जीभ नडली. मोज्यांवरून बोलले म्हणून त्याने नाद सोडला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं, आणि ते इतकं पक्कं ठरवलं की पुढच्याच उज्जीवन सभेत मी उठून पुढे गेले. होय, मीसुद्धा. चारचौघांत सांगितलं की माझ्या तिखट जिभेचा मला पश्चात्ताप होतो आहे. ताई तेव्हा समोर बसली होती. तिने मला नंतर जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची आता शिसारी येते. जे मी केलंच नव्हतं त्याचा मी पश्चात्ताप करत होते, आणि ज्या बाईला खरं माहीत होतं ती माझं सांत्वन करत होती.

नंतरची स्थळं आली ती मीच टाळली. पुन्हा तोंड उघडायची भीती वाटायची. मग आई होतीच. वडील आधीच गेलेले, आम्हाला भाऊ नाही. आई माझ्यापाशी राहिली, शेवटपर्यंत. तिचं खुब्याचं हाड मोडलं त्यानंतर तर तिचं सगळं मलाच करावं लागे. शाळेत जायच्या आधी तिला न्हाणीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायचं, अंगाला साबण लावायचा. रोज पहिला तांब्या अंगावर पडला की ती म्हणायची, "माफ कर गं मला." मी म्हणायची, "केलं माफ, हात वर कर." मग ती हात वर करायची आणि मी काखेत साबण लावायची. रोजचं ठरलेलं होतं ते. आई गेल्यावर मी कितीतरी जणींना हे कौतुकाने सांगितलं आहे, की शेवटी शेवटी आई किती मऊ झाली होती.

मंडपातून घरी आले तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली. स्थळ मोडल्यावर काही वर्षांनी मनमाडला नात्यातल्या एका लग्नात मला उन्हाने गरगरलं होतं, तर एक म्हातारी धावत आली आणि तिने फोडलेला कांदा माझ्या नाकाशी धरला. दोघींनी माझे हातपाय दाबून धरले. मी ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून सांगायची, सगळे हसायचे. म्हणजे तिथे सगळ्यांना माहीत होतं की मला फिट येतात. फक्त मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. माझ्याकडे कोणी वाईट वाटलं म्हणून आलं नाही. सगळे आनंद करायला आले होते. महिला मंडळाच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "केवढं धैर्य लागतं हो असं सांगायला." मी म्हटलं, "ऐकायलाही लागतं." त्यांना ते आवडलं नाही. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, "बाई, रविवारी प्रभुभोजन आहे. तुम्ही दोघी बहिणी हातात हात घालून पुढे आलात, भाकर आणि द्राक्षारस बरोबर घेतलात, तर मंडळीला केवढी साक्ष होईल. क्षमा केली नाही तर मन कडू होतं." मी त्यांना विचारलं, तिला खरं बोलायला तिसाहून जास्त वर्षं मिळाली, मग मला रविवारपर्यंतचीच मुदत का? पाळकसाहेब म्हणाले, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. म्हणजे आजारी मी ठरले. ताई मोकळी झाली होती आणि तिच्या खांद्यावरचं ओझं सगळ्या मंडळीने उचलून माझ्या दारात आणून ठेवलं होतं.

मला क्षमा करायचीच नव्हती असं नाही. मी ख्रिस्ती घरात वाढले, प्रभूची प्रार्थना मला झोपेतही येते. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, ते मला शिकवायला नको. पण ज्याचं वाटोळं झालं त्याला सोडून तुम्ही देवाकडे परस्पर जाऊन माफी घेऊन येता, आणि मग ती पावती दाखवल्यासारखी माझ्यापुढे धरता, याचा मला संताप आला होता.

शनिवारी दुपारी ताई आली. द्राक्षांची पेटी घेऊन आली. चेहरा उजळलेला, केसांना तेल, नवी साडी. दारातूनच म्हणाली, "प्रेज द लॉर्ड." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सलाम म्हणतात. मी म्हटलं, "सलाम. बस."

ती खुर्चीत बसली आणि सुरू झाली. "माझ्या मनात मत्सराचं बीज सैतानानं पेरलं, पण प्रभूनं..."

"ताई," मी म्हटलं, "हे मी ऐकलंय. माइकवर ऐकलंय. आता मला सांग. इथे कोणी नाहीये."

"तेच सांगते ना."

"मत्सर कसला? तुझं लग्न झालेलं. दोन मुलं पदरात. तुझा नवरा चांगला. माझ्या रेल्वेच्या क्वार्टरचा तुला मत्सर?"

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. लहानपणी पाटी फुटली की अशीच करायची. मी विचारलं, "तो मनमाडचा काही म्हणाला का, तू सांगितल्यावर?"

"मला पुढं बोलूच देईना. म्हणाला, मी तिलाच विचारतो." तिचा आवाज आता सभेतला राहिला नव्हता, पिंपळगावचा झाला होता. "मी म्हटलं, विचारू नका, तिला लय लागंल. मग नाय आला तो."

त्याला मला विचारायचं होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला मोज्यांवरून रुसलेला समजत होते. मला रडू आलं आणि रागही आला, की रडूही हिच्यासमोरच यावं.

"का केलंस?" मी विचारलं.

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तू मनमाडला गेली असती तं आईला मलाच न्यावं लागलं असतं. सासू माझी कशी होती, तुला ठाऊक हाय. तिनं आईला एक दिस नीट राहू दिलं नसतं. दोन खोल्या, नऊ माणसं. आईला भ्या वाटायचं तिचं."

"मग हे का नाही सांगितलंस मंडपात? मत्सर कशाला?"

"ते कसं सांगू? आईचं नाव येतं त्यात."

मला आधी समजलं नाही. मी म्हटलं, आईचं काय त्यात, ती तर बिचारी... आणि ताईच्या तोंडाकडे पाहून मी थांबले.

"मी आईला आधी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "म्हटलं, असं असं सांगते त्यांना. मला वाटलं, ती नको म्हणंल. नको म्हणाली असती तर मी नसतं केलं, शपथ घेऊन सांगते. आई काहीच बोलली नाय. उठली आन् चहा ठेवला."

मी उठून न्हाणीच्या दारात जाऊन उभी राहिले. का गेले, सांगता येणार नाही. ते स्टूल तिथंच होतं. माफ कर गं मला. केलं माफ, हात वर कर. तिला म्हणायचं होतं ते ती रोज म्हणत होती, आणि कशाबद्दल ते मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, अंघोळ घालावी लागते म्हणून म्हणते. तिनेही कधी पुढचा शब्द काढला नाही. रोज सकाळी ती माझ्याकडून क्षमा घेत होती, मला कळू न देता. तिला ती मिळालीच. आई अगदी शांतपणे गेली, हेही मी लोकांना कौतुकाने सांगत आले आहे.

मी परत आले तेव्हा ताई रडत होती. मंडपातलं रडणं नव्हतं ते, नाक गळत होतं आणि तिला रुमाल सापडत नव्हता. मी तिला टॉवेल दिला.

"उद्या येशील ना माझ्यासंगं पुढं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एकीला मी न ऐकताच माफ करून बसले. तुझं मी आज ऐकलंय. आता वेळ लागेल. किती लागेल ते मला विचारू नकोस, आणि पाळकसाहेबांना विचारायला लावू नकोस."

ती मान हलवून उठली. मोकळी झाले, असं या वेळी म्हणाली नाही. द्राक्षांची पेटी मी ठेवून घेतली, कारण ती परत नेणं तिला झेपलं नसतं.

रविवारी मी चर्चला गेले. आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा बायकांना पुढे जाता यावं म्हणून मी गुडघे बाजूला घेतले आणि बसून राहिले. ताई रांगेच्या टोकाला होती. ती उठली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. मंडळीने पाहिलं. पाळकसाहेबांनीही पाहिलं. तिने भाकर घेतली नाही, आणि त्याबद्दल माइकवर काही बोललीही नाही. तिचा पश्चात्ताप मला तिथे पहिल्यांदा खरा वाटला. पण तेवढ्याने माझं भागलं नाही, तेही सांगून टाकते.

माझे गुडघे आता दुखतात, म्हणून आईच्या स्टुलावर बसूनच मी अंघोळ करते. सोमवारी सकाळी पहिला तांब्या अंगावर घेतला, काखेत साबण लावायला हात वर केला आणि तसाच राहिला. न्हाणीत मी मोठ्याने म्हटलं, "आई, ते केलेलं सगळं माफ मी परत घेते. आता कशाबद्दल ते सांगून माग."

मी थोडा वेळ थांबले. मग पाणी गार व्हायला लागलं, म्हणून अंघोळ उरकली.