खिळ्यावरचा गिलास

माझे मामा पुंजाराम माणूस सरळ, पण डूख धरायला नागाच्याही वरताण. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात त्यांनी अर्धं आयुष्य चिमट्यानं लालबुंद लोखंड ओढलं.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मुकादम सर्जेराव म्हणाला, "याला टीबी हाये. याचा गिलास वेगळा टांगा." टाकीपाशी सगळ्यांचे गिलास एकत्र असायचे. मामांचा, त्यांचं नाव कोरलेला, उचलून भिंतीतल्या खिळ्याला लावला. वेगळ्या भांड्याचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजवावा लागत नाही. आजोबांनी धम्म घेतला तो त्याच जाचातून सुटायला. सर्जेरावला हे पक्कं माहीत होतं. पण मामांच्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. चिमट्यावरचा जोडीदार भिवा आणि बाकीचे सगळे गप्प उभे राहिले. मामा आपला गिलास घेऊन घरी आले, ते परत कामावर गेले नाहीत.

टीबी नव्हताच. फुफ्फुसात गाठ होती, ती ऑपरेशन करून काढली. नंतर गाठ तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला संगणकावर तिचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. गाठीच्या पेशी पुंजक्यांनी बसलेल्या आणि पुंजक्यांच्या कडेनं बारीक, लांबट अशा दुसऱ्याच पेशी.

"या आधाराच्या पेशी," बाई म्हणाल्या. "या कॅन्सरच्या नाहीत. या दिसल्या की गाठ बहुतेक वेळा संथ जातीची निघते. काळजी कमी."

"म्हंजी गाठीला धरून उभ्या हायेत या?"

"तसं म्हणा."

मामांनी तेवढंच ऐकलं. एसटीत बसल्यावर म्हणाले, "सर्जेराव एकटा काय करणार व्हता? हे भवताली उभे व्हते म्हणून त्याचं चाललं. आधी हे काढायचे."

बाई उलटं सांगत होत्या, असं मी दोनदा म्हटलं. मामा खिडकीबाहेर बघत बसले.

मे महिन्यात त्यांनी कारखान्याच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली पाणपोई घातली. ओल्या पोत्यात गुंडाळलेला रांजण, पाण्यात वाळा आणि साखळीला एकच गिलास, तोच नावाचा. पाळी सुटली की माणसं भट्टीतून होरपळून बाहेर यायची आणि मान खाली घालून पुढं जायची. टीबी नव्हता हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मामा पोत्यावर पाणी शिंपडत बसायचे.

शेवटी भिवा आला. गिलासावरचं नाव बघून थबकला, मग वरून पाणी ओतून घ्यायला त्यानं मान मागं केली.

"तोंड लावून," मामा म्हणाले.

भिवानं तोंड लावलं. गिलास रिकामा होईस्तोवर त्याचे डोळे भरले होते. मामांना दया आली नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण आला. प्रत्येकाला मामांनी तोंड लावायला लावलं.

मग एका दुपारी सगळे तिथं उभे असताना सर्जेराव आला आणि त्यानं गिलासाला हात घातला. मामांनी साखळी ओढून घेतली. कडुलिंबाच्या खोडात खिळा होता. त्यावर एक नवा गिलास, सर्जेरावचं नाव कोरून आणलेला.

"तुमचा तिकडं हाये, मुकादम."

सर्जेरावनं भिवाकडं बघितलं. भिवा पाणी पीत राहिला. बाकीचेही हलले नाहीत.

"मला कुठं टीबी झालाय?" सर्जेराव म्हणाला.

"मला तरी कुठं झाल्ता?"

सर्जेराव तहानलेलाच गेला. तो गिलास अजून तिथंच आहे. मामा रोज तो राखेनं लख्ख घासतात आणि परत खिळ्याला टांगतात.